लाइन मोकळी झाली की देते

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमच्या आबांची गुळाची अडत होती. हंगामात गुजरातचा भाव कळायला ट्रंक कॉल लावावा लागे. सकाळी बुकिंग करायचं आणि काळ्या फोनशेजारी बसून राहायचं, हे माझं काम. दुपार कलायची. "बाई, अहमदाबादचं काय झालं?" आबा एक्स्चेंजमधल्या बाईंना विचारत. "लायनी भरल्यात. मोकळी झाली की देते." फारच नड असली तर लाइटनिंग कॉल, त्याला पैसे आठपट. आबांचा हात तिथं कधी सैल सुटला नाही.

गावाबाहेर जाणाऱ्या लायनी मोजक्या, बोलणारे ढीगभर. म्हणून कुणाच्या नावाची लाइन नसे. जी मोकळी, ती मिळे.

हीच युक्ती पुढं बिनतारी संचात गेली, हे परवा पुतण्यानं सांगितलं. तो दिल्ली मेट्रोत असतो. तिथं टेट्रा जातीचा ट्रंक रेडिओ आहे. २५ किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यात चार वाहिन्या. बटण दाबलं की संगणक मोकळी वाहिनी देतो, बोलणं संपलं की काढून घेतो.

"मुलूख मोठा असला तर?" मी विचारलं.

"काका, पन्हाळ्यावर मनोरा उभारला तर कोल्हापूर शहर सापडेल. पण गगनबावड्याच्या घाटात डोंगर आडवा येणार. मग तिथं दुसरा, आंबा घाटात तिसरा. संच जवळच्या मनोऱ्याकडं हजेरी लावतो. गाडी घाट उतरली की हजेरी पुढच्याकडं. गटातली माणसं ज्या मनोऱ्यांखाली असतील, तिथंच आवाज जातो. बाकीच्या मनोऱ्यांच्या वाहिन्या इतरांना मोकळ्या."

"आणि सगळ्या भरल्या तर?"

"रांग. पण आणीबाणीचं बटण दाबलं की रांग मोडून पुढं."

म्हणजे लाइटनिंगच, तेही फुकट! २०१९च्या महापुरात पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, तेव्हा एकेका फोनसाठी जीव टांगणीला लागलेला आठवला. अशा वेळी रांग मोडणारं बटण हवंच.

आजी गेली, त्या पहाटे आबांनी मुंबईला आत्याकडं साधाच कॉल मागितला. काय झालंय ते सांगितलंही नाही. गळाच दाटला होता. बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "फोन ठेवू नका." आणि तिथल्या तिथं मुंबई जोडून दिली.

आकार साध्या कॉलचाच लागला.