शेजारचा प्रतिस्पर्धी

क्रीडामंडळांत नवे सभासद कोण घ्यावेत, हा अमेरिकन विद्यापीठांचा वाद वरवर खेळाचा दिसतो. त्याचा निकाल मात्र दूरचित्रवाणीचा पैसा लावतो. तिकडील फुटबॉल किती घरांत पाहिला जाईल, एवढाच हिशेब. त्यामुळें २०२४ सालीं ‘अटलांटिक कोस्ट’ मंडळांत पॅसिफिककडील स्टॅनफर्ड व बर्कली जाऊन बसलीं. भूगोलाच्या शिक्षकानें काय करावें? टेक्ससच्या सदर्न मेथॉडिस्टनें तर त्याच मंडळांत प्रवेश मिळावा म्हणून प्रक्षेपणाच्या उत्पन्नांतील आपला वांटा ९ वर्षें सोडला. आपण याला हुंडा म्हटलें असतें.

फुटबॉलचा चमू आठवड्यांतून एकदां खेळतो. त्याला विमानप्रवास फारसा जड नाहीं. पण व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीनें भर आठवड्यांत एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यास जावें, ३ तासांच्या फरकानें झोप गमवावी आणि परत येऊन सकाळीं रसायनशास्त्राच्या तासाला बसावें, हें कोणत्या विद्येच्या खातीं मांडावयाचें? वर्गांत पेंगणारें पोर शिक्षकाला दिसतें, मंडळाच्या चिटणिसाला दिसत नाहीं.

माझ्या मतें, बसनें जाऊन त्याच रात्रीं परततां येईल आणि ज्याच्याकडून झालेली हार वर्षभर सलेल, असा शेजारी आधीं घ्यावा. ओरेगॉन व ओरेगॉन स्टेट हे असले शेजारी; अंतर तासाभराचें, सामने १८९४ पासूनचे. २०२४ मध्यें ओरेगॉन ‘बिग टेन’मध्यें गेलें. (१८ सभासदांच्या मंडळाचें नांव अद्याप ‘टेन’च आहे!) जुन्या पॅसिफिक मंडळांतून अशीं १० विद्यापीठें निघालीं, आणि ओरेगॉन स्टेटच्या सोबतीला उरलें एकटें वॉशिंग्टन स्टेट. त्या वर्षीं सामने जुळविण्यासाठीं दोघांनाही दुसऱ्या मंडळाच्या दारीं जावें लागलें.