ल्यूसीचं काय चुकलं?

आज केन फॉलेटची ‘आय ऑफ द नीडल’ पुन्हा वाचून संपवली. १९७८ची कादंबरी, एडगर पुरस्कार मिळालेली. तरी वाचकांचं तिच्याविषयी एकमत काही होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात फेबर या जर्मन हेराला दोस्त राष्ट्रांचं गुपित कळतं: पूर्व इंग्लंडमधली भलीमोठी फौज म्हणजे नुसता देखावा आहे, खरा हल्ला नॉर्मंडीवर होणार. ही फसवणूक इतिहासात खरोखरच झाली होती. पळता पळता वादळात सापडून तो एका बेटावर पोचतो. तिथे ल्यूसी असते. लग्नाच्याच दिवशी अपघातात दोन्ही पाय गमावून कडवट झालेला नवरा आणि लहान मुलगा यांच्यासोबत.

इथूनच भांडण सुरू. हेरकथेसाठी आलेले म्हणतात, शृंगार घुसडलाय. प्रेमकथेसाठी आलेल्यांना फेबरने पाडलेले मुडदे सोसवत नाहीत. आणि काहींना ल्यूसीचाच राग. दोन दिवसांत अनोळखी पुरुषाच्या मिठीत? (फेबर इतके खून करतो, त्याच्या चारित्र्याची चौकशी कुणी करत नाही, हे गमतीचंच.)

मला शृंगाराचे काही प्रसंग लांबलेले वाटतात, खरं आहे. पण वर्षानुवर्षं नवऱ्याने जवळ न घेतलेल्या बाईची उपासमार फॉलेटने नीट ओळखली आहे. ती जवळीक नसती, तर फेबरशी तिची शेवटची झुंज निव्वळ पाठलाग ठरली असती. दोस्त राष्ट्रांचं गुपित राखणं अखेर तिच्या हाती येतं, म्हणून ही कादंबरी फेबरची नाही, ल्यूसीची आहे.