आईची हिरवी करी

“तुम्ही जा. मला घरी दहीभात पुरे.”

बंगळूरला ताईच्या घरी आईचे हे वाक्य ठरलेले. बाबा गेल्यावर ताईने तिला साताऱ्याहून आपल्याकडे नेले. पण बाहेर जेवायला निघायचे म्हटले की ती मागे राहायची. त्यामागे एक कारण होते.

दोन वर्षांपूर्वी तिच्या वाढदिवसाला सगळे एका थाई हॉटेलात गेले होते. मेनूकार्डावर ‘व्हेज’ असे छापलेली हिरवी करी मागवली. आईने आवडीने चार घास खाल्ले. भावोजींनी सहज विचारले, तेव्हा वाढणारा म्हणाला, “भाज्याच आहेत, फक्त वाटणात थोडी कोळंबी असते.” आईने चमचा खाली ठेवला. कुणाला एका शब्दाने बोलली नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि देवापाशी बसली. त्या दिवसापासून दहीभात सुरू झाला.

गेल्या डिसेंबरात मी बंगळूरला गेले, तेव्हा ताई म्हणाली, “आईला घेऊन पुन्हा थाई जेवायला जायचं. पण या वेळी आधी विचारून.”

बंगळूरला आता थाई जेवणाचे नावीन्य राहिलेले नाही. संगणक कंपन्यांमुळे इथली माणसे देशोदेशी जाऊन येतात आणि येताना तिथल्या चवीही घेऊन येतात. एम. जी. रोडवरच्या ओबेरॉय हॉटेलातले ‘रिम नाम’ खास थाई जेवणाचे. नावाचा अर्थ ‘पाण्याकाठी’. ते अर्थातच खिशाला जड! पण इंदिरानगर, कोरमंगल भागात मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडतील अशी ठिकाणेही सापडतात.

ताईने इंदिरानगरातल्या एका छोट्या हॉटेलात फोन करून तीन प्रश्न विचारले. वाटण इथेच करता की तयार आणता? कोळंबीशिवाय करून द्याल का? आणि माशाचा सॉस कशाकशात घालता? हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी बहुधा माशाचा सॉस वापरतात आणि करीच्या वाटणात सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. बाजारातल्या तयार वाटणातही ती पुष्कळदा असते. त्यामुळे वरून भाज्या घातल्या तरी करी शाकाहारी होतेच असे नाही.

आम्ही मेट्रोने गेलो. शहरातली पहिली मेट्रो 2011 साली धावली ती याच मार्गावर, त्यामुळे इंदिरानगरला पोहोचणे सोपे. हॉटेलातला वाढणारा मुलगा ईशान्येकडचा होता. आईचा चेहरा पाहून त्याने काय ओळखले कोण जाणे. आत जाऊन तो वाटणाचे कच्चे सामान एका ताटलीत घालून घेऊन आला. “आंटी, हे बघा. आज यात कोळंबी नाही.”

आईने एक पात उचलून चुरडली, नाकाशी नेली. “अगं, हा तर गवती चहा!”

मग ती एकेक वस्तू हातात घेऊ लागली. आल्यासारखा दिसणारा कंद म्हणजे गलांगल. आपल्याकडे घसा बसला की चघळायला देतात ते कुलिंजन याच्याच कुळातले. हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे, धणे, जिरे आणि कोथिंबिरीची मुळे. “मुळं आपण फेकून देतो की!” आई म्हणाली. एका पानापाशी मात्र ती थबकली. “ही तुळस आहे का? तुळस कशी शिजवायची?” ती तुळस नव्हती, तिची बहीण होती. जिच्या बिया आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो, त्याच जातीचे हे थाई रोप. थाई लोक आपली तुळसही एका वेगळ्या पदार्थात घालतात, पण हिरव्या करीत शक्यतो सब्जाच्या जातीचीच पाने पडतात.

करी आली. तिचे थाई नाव ‘केंग ख्याव वान’. नारळाचे दाट दूध तेल सुटेपर्यंत आटवायचे, त्यात वाटण परतायचे, मग पातळ दूध आणि भाज्या. आपल्या खोबऱ्याच्या रश्शाच्या जवळची रीत. फक्त वरून फोडणी नाही. वाटाण्याएवढी वांगी पाहून ताई म्हणाली, “ही तमिळ लोकांची सुंडक्काई.” मिरचीचे मूळ मात्र ना त्यांच्याकडचे, ना आपल्याकडचे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1511 मध्ये त्यांचा दूत थाई राजधानी अयुथ्थयाला पोहोचला. अमेरिकेतली मिरची दोन्हीकडे त्यांच्याच व्यापारातून आली, असे मानतात.

आईने पहिला घास जपून घेतला. आम्ही तिघेही तिच्याकडे पाहत होतो. “तिखट आहे,” ती म्हणाली आणि आणखी भात वाढून घेतला.

तुम्ही जाल तेव्हा चॉपस्टिक्सची धास्ती घेऊ नका. थाई लोक भात उजव्या हातातल्या चमच्यानेच खातात, काटा फक्त घास सारायला. करी एकट्याने न संपवता मधोमध ठेवून सगळ्यांनी वाटून घ्यायची. कांदा-लसूण वर्ज्य असेल तरी निराश होऊ नका. थायलंडमध्येही दरवर्षी आपल्या नवरात्राच्या सुमाराला नऊ दिवस काही लोक मांस-मासे आणि कांदा-लसूण सोडतात. त्या जेवणाला ‘जे’ म्हणतात. हॉटेलात हा शब्द उच्चारून पाहा, जाणकार स्वयंपाकी ओळखेल.

मी परतल्यावर पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. आईने बाल्कनीतल्या कुंडीत गवती चहा लावला होता आणि आपल्या साताऱ्याकडच्या हिंदीत हॉटेलला फोन करून ती स्वतः विचारत होती, “भैया, आज वाटण में कोळंबी तो नहीं ना?”