तांब्या, सुपारी आणि सात पाने

‘तुझ्या चित्रातली दोन पाने मी खाल्ली,’ मी पायरी चढते न चढते तोच अण्णांनी सांगून टाकले.

अपराधाची कबुली इतक्या शांतपणे द्यावी ती अण्णांनीच. तोंडात विडा होता, म्हणजे पुरावाही जागेवरच होता. मी धावतच पडवीत गेले. स्टुलावर अंथरलेल्या पांढऱ्या पंच्यावर पितळी तांब्या होता, अडकित्ता होता, चार सुपाऱ्या होत्या. पण विड्याच्या सात पानांपैकी पाचच उरली होती. कॅनव्हासवर मात्र सातही होती, आणि नेमकी गेलेली दोनच अजून अर्धी रंगवायची राहिली होती.

हा सगळा खटाटोप मी यंदाच्या पावसाळ्यात आरंभला. मी बालवर्गाची बाई. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढचे जे काही शिकले ते मुलांकडून आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, इंटरमिजिएट राहून गेली. ती रुखरुख पंचेचाळिशीत अशी डोके वर काढील असे वाटले नव्हते. पालघरला एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत, त्यांच्याकडे मी दर रविवारी एस. टी.ने जाऊ लागले. सराव मात्र माहेरच्या पडवीत. माझे सासर आणि माहेर दोन्ही केळव्यातच, मध्ये फक्त दोन वाड्या. आणि माहेरच्या पडवीत उत्तरेचा उजेड येतो. तो दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून चित्रकारांना प्रिय.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. इथला समुद्र, सुरूचे बन, शीतलादेवीचे देऊळ, पाणकोट पाहायला मुंबईहून माणसे येतात, आणि ही बाई घरात बसून तांब्या रंगवते! मी म्हणे, ‘समुद्र माझ्यासाठी थांबत नाही, तांब्या थांबतो.’

तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेले रंग. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते सावकाश घट्ट होते. आज लावलेला रंग उद्याही ओलाच असतो, आणि आमच्या दमट हवेत तर परवाही. घाईच्या माणसाला ही शिक्षा आहे, पण चुकणाऱ्याला केवढा दिलासा! चुकले, की सुरीने खरवडावे आणि पुन्हा लावावे. नियम एवढाच, की पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला हवा आणि वरच्या थरांत तेल वाढत जावे. उलटे केले तर पुढे चित्राला तडे जातात. आधी पातळ, मग स्निग्ध. माणसांशी ओळख करून घेतानाही हाच क्रम बरा, असे मला आता वाटते.

आणि तो तांब्या! पितळेचा रंग ट्यूबमध्ये मिळत नाही, हे मला चाळीस वर्षे पितळेची भांडी घासून कळले नव्हते. पिवळी माती, भाजकी तपकिरी माती, पानांची हिरवी झाक, पंच्याचा निळसर उजेड हे सारे शेजारी शेजारी बसले, की दुरून पितळ दिसते. तांब्याच्या पोटात एक तांबडा ठिपका होता. तो कुठून आला म्हणून मी दोन दिवस शोधत होते. तो माझ्याच साडीचा निघाला. महिनाभर ह्या मळकट तांब्याशी झुंजले; आणि एके सकाळी येऊन पाहते तो वहिनीने दिवाळी जवळ आली म्हणून त्याला चिंच लावून लख्ख केलेले! थांबणाऱ्या तांब्याची ही गोष्ट.

ह्या प्रकाराला आपण स्थिरचित्र म्हणतो. इंग्रजी नावाचा अर्थ होतो ‘स्तब्ध जीवन’, फ्रेंच नावाचा ‘मेलेला निसर्ग’. एके काळी चित्रकलेच्या दरबारात त्याला सर्वांत खालचे आसन होते. वर देवादिक आणि राजेमहाराजे, खाली भांडीकुंडी. मास्तरांच्या एका पुस्तकात शार्दँ नावाच्या फ्रेंच चित्रकाराचे चित्र आहे. १७२८ साली पॅरिसच्या अकादमीने त्याला सभासद करून घेतले, ते अशाच चित्रांच्या जोरावर. ह्या चित्रात आकड्याला टांगलेला, पोट चिरलेला एक मासा आहे. मी पाहताच ओरडले, ‘अहो, हे तर पाकट!’ आमच्या कोळणीच्या टोपलीतला मासा लूव्ह्रच्या भिंतीवर! तेव्हापासून तांब्या रंगवण्याची माझी लाज गेली.

अडले ते पानांशी. पानवेलीच्या वाडीत जन्म गेलेला. पान काय डोळे मिटूनही काढीन, अशी माझी घमेंड. आणि झालेही तसेच, मी ते डोळे मिटूनच काढले. मास्तर म्हणाले, ‘बाई, तुम्ही माहीत असलेले काढता, दिसते ते काढा.’ अण्णांनी तेच वेगळ्या भाषेत सांगितले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चित्र न्याहाळले आणि विचारले, ‘बाय, हे पत्त्यातले बदाम आहे की वेलीवरचे पान?’ मग एक पान हातात घेऊन त्यांनी देठापाशी दाखवले. पानाच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. एक किंचित खाली उतरलेली होती. असंख्य पाने पाहिली असतील मी, पण हे पाहिले नव्हते.

आता जे सांगायचे ते सांगायलाच हवे. सहा वर्षांपूर्वी माझ्या एका कादंबरीत मी एक म्हातारा वाडीवाला रंगवला होता. पाहुणा आला, की हा तबकात पाने मोजून ठेवी. आणि तो गेला, की उरलेली पुन्हा मोजी. वाचकांना तो चिक्कू म्हातारा फार आवडला. गावानेही त्याला ओळखले. अण्णांनी पुस्तक दोन रात्रींत वाचले आणि मिटून माझ्या हाती देत म्हणाले, ‘छपाई चांगली आहे.’ त्यानंतर ह्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

‘अण्णा,’ मी पडवीतून रागाने म्हटले, ‘खायचीच होती तर वाडीतून नाही का आणायची? आणि चित्रातलीच कशाला?’

‘अगं, भोकाची तेवढी दोन खाल्ली. चांगली पाच ठेवली आहेत. दिवाळीचे कोणी आले तर लागतील.’

किडीने भोके पाडलेली ती दोन पाने मास्तरांना मुद्दाम हवी होती. त्यांच्यामुळे मांडणीला जीव येतो म्हणून. मी दर आठवड्याला वाडीत हिंडून तशीच शोधून आणीत असे. पण अण्णांच्या मुखी मी आजवर कोणते पान पाहिले होते? मी आठवू लागले. केळवे रोड स्टेशनवर जाणाऱ्या टोपल्यांत सगळी निवडक पाने. टोपलीत फाटके पान निघाले, की भाव पडे. मोजणीत चूक झाली, की शब्द पडे. तबकात पाहुण्यांपुढेही निवडक पाने. ती मोजायची, कारण कोणाला कमी पडू नये. आणि कोपऱ्यात बसून अण्णा चुना लावायचे ते पान नेहमी फाटके, डागाळलेले, भोकाचे. मी मोजणारा हात पाहिला होता. त्याच हातातले पान पाहिले नव्हते. माहीत असलेला म्हातारा मी काढला. दिसणारा राहूनच गेला.

तैलरंग खरवडता येतो. छापलेले पुस्तक खरवडता येत नाही.

मी ओटीवर जाऊन त्यांच्याजवळ बसले. ‘अण्णा, त्या पुस्तकातला म्हातारा मला नीट जमला नाही.’

ते बराच वेळ विडा चघळत राहिले. मग म्हणाले, ‘छपाई मात्र चांगली होती.’ आणि हसले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच वाडीत गेले आणि पाने घेऊन आले. ओटीवर बसून त्यांनी ती निवडली. चांगली पाने एका बाजूला, भोकाची तीन दुसऱ्या बाजूला. भोकाची दोन त्यांनी चित्रासाठी वेगळी काढली. मग एका चांगल्या पानाला चुना लावून ते माझ्यापुढे केले आणि स्वतःसाठी उरलेले भोकाचे पान उचलले.

मी ते भोकाचे पान त्यांच्या हातातून काढून घेतले.

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा माझ्या हिरव्या-पिवळ्या बोटांकडे.

‘आधी हात धुऊन ये,’ ते म्हणाले. ‘टर्पेंटाइनचा वास येतोय.’