कोणीच न वाजवलेली सुरावट

एकाच सिंफनीची अनेक ध्वनिमुद्रणे ऐकणारे रसिक बहुधा लयीविषयी वाद घालतात. अमुक संचालक घाई करतो, तमुक रेंगाळतो. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीबाबत (१८९३) आम्हांस मात्र निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटत आला आहे. वादक बसले आहेत कुठे?

या कृतीचा अखेरचा भाग तारवाद्यांवरून उतरत येणाऱ्या एका आर्त सुरावटीने सुरू होतो. ऐकताना ती सलग भासते. स्वरलिपी उघडून पाहिली की ध्यानात येते, ही सुरावट तेथे कोणाच्याच ओळीत नाही. तिचा एक स्वर व्हायोलिनवादकांच्या एका गटाकडे, तर लगतचा दुसऱ्या गटाकडे. कोणत्याही एका गटाची ओळ सुटी वाजवली, तर तुटक उड्याच ऐकू येतील. सुरावट जुळते ती श्रोत्याच्या कानात. पुढे हीच सुरावट परतते, तेव्हा मात्र ती पहिल्या व्हायोलिनांना अखंड दिलेली आहे.

चायकोव्स्कीच्या काळी हे दोन गट सामान्यतः संचालकाच्या डाव्या-उजव्या हातांस समोरासमोर बसत. विसाव्या शतकात बहुतेक वाद्यवृंदांनी त्यांना एकाच बाजूला आणले. फुर्टव्हेंगलरचे १९३८ चे बर्लिनमधील मुद्रण एकमार्गी आहे. तेथे सारे एकाच बिंदूतून येते. त्यातला शोक भारदस्त आहे, पण त्याची घडण झाकलेली राहते. कारायानच्या १९६४ च्या मुद्रणात दोन्ही गट शेजारी असल्याने सुरावट रेशमासारखी एकसंध येते. येवगेनी म्राविन्स्कीने मात्र समोरासमोरची जुनी बैठक सोडली नाही. त्याच्या लेनिनग्राद फिलहार्मोनिकने १९६० मध्ये व्हिएन्ना येथे केलेल्या स्टिरिओ मुद्रणात स्वर डावी-उजवीकडून आलटूनपालटून येतात. सुरावट ऐकू येते, आणि ती दुभंगलेली आहे हेही ऐकू येते.

साहित्याच्या अभ्यासकांस पाठभेदांचे महत्त्व सांगावयास नको. येथे संहितेतला एकही स्वर बदललेला नाही, केवळ खुर्च्या हलल्या आहेत. तरीही अर्थ बदलला.

वडिलांच्या निधनानंतर आमच्या घरात प्रत्येकजण त्यांची एकेकच आठवण पुनःपुन्हा सांगत असे. आई त्यांच्या हिशेबाच्या वह्यांविषयी बोले, धाकटी बहीण त्यांच्या सायकलीविषयी. संपूर्ण वडील कोणाच्याच बोलण्यात नव्हते. भेटीस येणाऱ्यांना मात्र ते पुरते उभे राहिलेले दिसत. म्राविन्स्कीचे मुद्रण आम्हांस प्रिय आहे ते यामुळे. ते शोकाला आधीच जुळवून हाती देत नाही.

चायकोव्स्कीने असे का लिहिले, हे स्वरलिपी सांगत नाही. पहिल्या प्रयोगानंतर नवव्या दिवशी तो वारला, म्हणून या भागाला मृत्युपत्र मानण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हांस त्याची गरज वाटत नाही. दुभंगून आलेली सुरावट पुढे एकाच गटाच्या मुखी अखंड होते, एवढी घटना पुरेशी आहे. ज्या मुद्रणात पहिले दुभंगणेच ऐकू येत नाही, तेथे नंतरचे अखंड होणे ही केवळ पुनरावृत्ती ठरते. विद्यार्थ्यांनी फुर्टव्हेंगलर आणि कारायान अवश्य ऐकावेत. पण आरंभ म्राविन्स्कीपासून करावा, आणि तोही डाव्या-उजव्या ध्वनिवर्धकांत पुरेसे अंतर ठेवून.