हस्ताक्षर आणि दस्तखत

मराठीत हस्ताक्षर, उर्दूत दस्तखत. हस्त म्हणजे हात आणि दस्त म्हणजेही हातच. आमच्यासारख्या मराठी मुसलमानांच्या घरात हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी नांदतात. ‘खत’ या अरबी शब्दाचा अर्थ मुळात रेघ. पुढे तोच लिखाणासाठी आणि पत्रासाठीही रूढ झाला. कलम, दौत, शाई, कागद हे मराठीतले लिहिण्याचे शब्दही अरबी-फारसीतूनच आले. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात तर मुसलमान कागझी हाताने कागद बनवत.

आपल्या दीनमध्ये लिहिण्याला केवढे मोल आहे! सूरह अलकच्या पहिल्या आयतींतच कलमाचा उल्लेख आहे. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते पण लिहिता येत होते, त्यांनी मदीनेतल्या मुलांना लिहायला शिकवून सुटका करून घेतली. बगदादचे वजीर इब्न मुकला (मृत्यू इ. स. 940) यांनी कलमाच्या टोकाने उमटणारा ठिपका हेच माप धरून अक्षरांना प्रमाण दिले. आणि कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातील 282 वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा असे सांगते.

या आयतीचा अर्थ आम्हाला आमच्या दादांच्या वहीने समजावला. दादा पत्रे उर्दूत लिहीत आणि हिशेब मोडीत. त्यांच्या इंतकालनंतर वही दादीच्या ट्रंकेत पडून राहिली, कारण घरात मोडी कुणालाच येत नव्हती. शेवटी एका जाणकाराकडून ती वाचून घेतली. शेवटच्या पानावर दादांच्या हातची एकच ओळ होती: गावच्या किराणा दुकानदाराचे साठ रुपये देणे बाकी.

मयताच्या कर्जाचा बोजा काय असतो, हे आपण सारे जाणतो. आम्ही दुकानदाराच्या नातवाला शोधून काढले. रक्कम ऐकून तो हसला, घ्यायला तयार होईना. वही पुढे ठेवली तेव्हा मात्र गप्प झाला आणि पैसे घेतले. दादी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी निवांत झोपली.

आमची मुले आता सारे मोबाईलवरच लिहितात. ते चालायचेच. पण दर रविवारी असरनंतर आम्ही त्यांच्याकडून अर्धे पान मराठी आणि अर्धे पान उर्दू हाताने लिहून घेतो. आपल्या घरीही ट्रंकेत एखादी जुनी वही असेल, तर वाचणारे आहेत तोवर ती वाचून घ्या. आपले देणे आणि आपली वसीयतही स्वतःच्या हाताने, मुलांना वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवा.