पाखराची झोप आणि घरातला हिशोब

आमची खोली दहा बाय पंधराची. मध्ये लाकडी पार्टिशन घालून तिचे दोन भाग केले आहेत आणि त्यात आम्ही सहा माणसे राहतो. आई, आम्ही उभयता, दोन मुले आणि रात्रपाळीला सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा आमचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्यात सातवा जीव आला. मुलीने हट्टच धरला, म्हणून एका स्नेह्याकडून हिरव्या-पिवळ्या रंगाचे बजरीगर पाखरू पिंजऱ्यासह आणले. चाळीत सगळे त्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरे लव्हबर्ड निराळे, ते आफ्रिकेतले. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० साली ते जिवंत इंग्लंडला आणले आणि पुढे ते जगभर घरोघर पोहोचले. मुलीने त्याचे नाव ठेवले मिठू.

पिंजरा टांगला दाराजवळ, टीव्हीच्या वर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा, हा हेतू. मिठू दिवसभर बडबडायचा, बाजरी आणि राळे टिपायचा. त्याला रात्र असते, हे कोणाच्या मनातही आले नाही. टीव्ही अकरापर्यंत चालायचा. आठवड्यातून दोनदा आमच्या मंडळाची बैठक आमच्याच खोलीत भरायची. तेथे सर्वांत मोठा आवाज कोणाचा, हे विचारू नये. पहाटे पाचला पाणी यायचे आणि बादल्यांचा, हंड्यांचा खडखडाट सुरू व्हायचा.

एके रात्री दीडच्या सुमारास फळीवरून उंदीर धावला. अंधारात मिठू घाबरून पिंजऱ्यात वेड्यासारखा आपटू लागला. आम्ही गडबडीने ट्यूबलाइट लावली, तेव्हा तळाशी पिसे पडलेली आणि एका पंखाला रक्त. मुलगी रडू लागली. सकाळी रजा टाकून आम्ही त्याला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी पंख पाहिला, मोडलेल्या पिसांवर उपचार केला आणि विचारले, “हा झोपतो किती तास?”

आम्ही बी.कॉम. शिकलेले, कचेरीत वर्षानुवर्षे हिशोब लिहिणारे. पण हा आकडा आमच्याकडे नव्हता. दिवा बंद साडेअकराला, पाणी पाचला. म्हणजे साडेपाच तास. डॉक्टर म्हणाले, “याला दहा ते बारा तास लागतात. झोप अपुरी असलेले पाखरू चिडचिडे होते, आजारी पडते.”

घरी आल्यावर आम्ही सर्वांना बसवून जागेचा विचार केला. स्वयंपाकाकडचा कोपरा शांत होता, पण तेथे धूर. शिवाय निर्लेप तवा रिकामा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पाखरू मरू शकते, असे डॉक्टरांनी बजावले होते. शेवटी पार्टिशनमागे आईच्या कपाटावर जागा ठरली. दोन बाजूंना भिंत, म्हणजे पाखराला पाठीशी आधार वाटतो. पंख्याचा वारा थेट लागत नाही. भिंतीची उंदराची भोके सिमेंटने बुजवली.

आईने आपले जुने गडद निळे सुती लुगडे फाडून अर्धे दिले. रात्री आठला ते पिंजऱ्यावर पडते. एक बाजू थोडी उघडी राहते, हवा खेळावी म्हणून. सकाळी साडेसहाला ते निघते. वेळ रोज तीच. कोपऱ्यात झिरोचा बल्ब ठेवला. दचकून जागा झालाच, तर त्याला दांडी दिसावी आणि तो आपटू नये. दांडीही बदलली. गुळगुळीत प्लास्टिकच्या जागी पेरूची फांदी लावली, कुठे जाड कुठे बारीक, म्हणजे पाय एकाच जागी दुखत नाहीत.

घर मुके करावे लागले नाही. ही थव्याने राहणारी पाखरे. हलक्या आवाजाच्या बोलण्याची त्यांना सवय होते. त्यांना घाबरवते ते अचानक वाजणारे भांडे आणि एकदम लागणारा दिवा. म्हणून पाण्याच्या नळाला रबरी नळी जोडून ती पिंपाच्या तळाशी सोडली. टीव्हीचा आवाज उतरला. आमची बैठक समाजमंदिराच्या ओट्यावर गेली. सुरुवातीला आम्हांला ते अपमानास्पद वाटले, हे कबूल करतो.

पंधरा दिवसांत फरक दिसला. मिठू एका पायावर उभा राहून, मान मागे वळवून, पाठीच्या पिसांत चोच खुपसून झोपू लागला. झोपण्याआधी चोच चोचीवर घासल्याचा बारीक करकर आवाज येतो. पाखरू समाधानी असल्याची ती खूण.

अशाच एका सकाळी भाऊ कामावरून आला. लुगडे नुकतेच काढून घडी घातलेले होते. त्यावर हात ठेवून तो हसत म्हणाला, “दादा, मिठूला पडदा बरा मिळाला.”

त्याच्या मनात काही नव्हते. पण आम्ही त्या दिवशी कचेरीत एकही रकाना नीट भरू शकलो नाही. सहा वर्षे हा आमचा भाऊ रात्रभर उभा राहतो, आठला घरी येतो आणि कुकरच्या शिट्ट्या, मोबाइल, मुलांचे भांडण यांत डोक्यावर उशी घेऊन पडतो. आम्ही वस्तीत कामगारांच्या हक्कांवर भाषणे करतो. पाखराचे तास मोजले, भावाचे कधी मोजले नाहीत.

संध्याकाळी आम्ही मोजले. चार तास, तेही तुटक.

लुगड्याचा उरलेला अर्धा भाग आईने न सांगता काढून दिला. तो आता खिडकीला आहे. कुकर आठच्या आत लागतो. दोनपर्यंत टीव्ही बंद. आई मोबाइलवर वंदना ऐकते ती कानाला लावून. शेजारच्या मुलांना पत्नीने समजावले, “काका झोपलेत.” मुले ऐकतात, मोठ्यांना दोनदा सांगावे लागते. जयंतीच्या बैठकीत कर्ण्यांची तोंडे खोल्यांकडे नसावीत आणि ते दहाला बंद व्हावेत, असा ठराव आम्हीच मांडला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ ठरवलेली आहेच. काही तरुण नाराज झाले. एका आजारी बाईंनी मात्र घरून निरोप पाठवला की, ठराव चांगला केला.

भावाची झोप आता सहा तासांवर आली आहे. सातवर न्यायची आहे. मिठूचे पीस पुन्हा उगवले.

वाचकहो, आपल्या घरी पाखरू असेल तर त्याचे तास जरूर मोजा. आणि मोजायला बसलाच आहात, तर घरातल्या रात्रपाळीच्या माणसाचे आधी मोजा. तो स्वतः सांगणार नाही.